किचनच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरने डिझायनरला सूचना नेमकी केव्हा द्यावी?

रेषाआखणी (धागाकर्ती)

नमस्कार.

आमचा एक छोटा संघ पुण्यात मॉड्युलर किचनच्या मांडणीसाठी सॉफ्टवेअर तयार करत आहे. स्वतंत्रपणे काम करणारे इंटेरियर डिझायनर आणि ट्रॉल्या बनवणारे लहान कारखानदार हे त्याचे मुख्य वापरकर्ते आहेत. डिझायनर खोलीची मापे भरतो. खिडक्या, दारे, बीम आणि नळाचे पॉइंट दाखवतो. मग ओटा, शेगडी, सिंक, फ्रिज, ट्रॉल्या आणि वरची कपाटे माउसने ओढून जागेवर बसवतो. या वर्षी आम्ही त्यात नियम तपासणारा एक भाग घातला. शेगडी खिडकीसमोर आली, कोपऱ्यातल्या दोन ट्रॉल्या एकाच वेळी उघडल्यास एकमेकींवर आपटत असल्या, चिमणी आणि शेगडी यांतले अंतर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेबाहेर गेले किंवा फ्रिजचे दार शेजारच्या भिंतीमुळे पुरते उघडत नसले, तर पडद्यावर सूचना येते.

सूचना चुकीच्या असतात अशी तक्रार कुणाचीच नाही. ज्यांना आम्ही हे वापरायला दिले, त्या डिझायनरांनी बहुतेक सूचना योग्य असल्याचे मान्य केले आणि तरीही तपासणी बंद करून ठेवली. कारण विचारल्यावर सगळ्यांचा सूर एकच होता: शेगडी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेताना ती वाटेत क्षणभर खिडकीसमोरून जाते, आणि तेवढ्यात लाल चौकट उमटून इशारा वाजतो. म्हणून आम्ही तात्काळ सूचना काढून टाकल्या आणि 'तपासा' असे बटण दिले. त्यातून दुसरेच दुखणे उभे राहिले. ते बटण कुणी दाबलेच, तर अगदी शेवटी, म्हणजे ग्राहकाने त्रिमिती चित्र पाहून होकार दिल्यानंतर आणि लॅमिनेटचा रंगही ठरल्यानंतर. त्या वेळी फ्रिज हलवायला सांगणारी सूचना कितीही बरोबर असली, तरी तिने मनस्तापाखेरीज काही साधत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये सूचनेची योग्य वेळ कशी ओळखावी, यावर कुणी पद्धतशीर विचार केला आहे का? इतर क्षेत्रांतल्या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट कशी हाताळतात? आणि डिझायनरने जाणूनबुजून नियम मोडायचा ठरवला, तर सॉफ्टवेअरने काय करावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

जुनी_वही

या प्रश्नावरचे सुरुवातीचे एक महत्त्वाचे काम स्वयंपाकघराच्या मांडणीवरच झालेले आहे, त्यामुळे तुम्हाला ते थेट उपयोगी पडेल. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील केंद्रात गेरहार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'जेनस' नावाची एक प्रणाली तयार केली. डिझायनर पडद्यावर सिंक, शेगडी, फ्रिज मांडत जाई, आणि प्रत्येक बदलानंतर पार्श्वभूमीला असलेले छोटे 'समीक्षक' त्या मांडणीवर नजर टाकत. शेगडी खिडकीसमोर नसावी, सिंक, शेगडी आणि फ्रिज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाची परिमिती २३ फुटांपेक्षा जास्त नसावी, असे ते नियम होते. संदेश कामाच्या मध्येच न उमटता त्यासाठी राखलेल्या वेगळ्या चौकटीत दिसे, आणि त्यावरून पुढे जाऊन त्या नियमामागची चर्चा, म्हणजे त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे वाचता येत. शेगडी खिडकीसमोर का नको, तर पडदा पेटण्याची भीती असते, हे कारण समोर असल्यामुळे ज्याच्या खिडकीला पडदाच नाही, त्या डिझायनरला नियम बाजूला ठेवण्याचा आधार मिळत असे. तुमच्या वर्णनात मला हाच भाग दिसला नाही. नियम मोडला गेला एवढेच तुमचे सॉफ्टवेअर सांगते. तो नियम का आहे, हे ते बहुधा सांगत नसावे.

दुसरे काम वेळेच्या प्रश्नाशी अधिक जवळचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेसन रॉबिन्स यांनी डेव्हिड रेडमाइल्स यांच्या मार्गदर्शनाखाली 'आर्गो' हे सॉफ्टवेअर-रचनेचे साधन घडवले. रेडमाइल्स हे स्वतः बोल्डरच्या त्याच परंपरेतून आलेले होते, हे दोन्ही प्रकल्प शेजारी ठेवून वाचले की लगेच लक्षात येते. डिझायनर अर्धवट आखलेल्या चित्राकडे बघता बघताच विचार करतो आणि विचार करता करता चित्र बदलतो, हे व्यावसायिकांच्या विचारपद्धतीचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडलेले निरीक्षण या कामाच्या पायाशी आहे. काम संपल्यावर येणारा अभिप्राय त्या प्रक्रियेच्या बाहेर पडतो. पण दर क्षणाला मधेच टोकणारा अभिप्रायही ती प्रक्रिया मोडतो. आर्गोने यावर काढलेला तोडगा असा होता की समीक्षक सतत, पण मुख्य कामाला न अडवता पार्श्वभूमीला चालत. त्यांना जे सापडे ते पडद्याच्या खालच्या बाजूच्या 'करायच्या कामां'च्या यादीत जमा होई. आणि दोष दुरुस्त झाला की ती नोंद यादीतून आपोआप नाहीशी होई. डिझायनर सध्या कोणत्या निर्णयांवर विचार करत आहे, याची एक नोंद सॉफ्टवेअरमध्ये ठेवता येत असे, आणि ज्या समीक्षकांचा त्या निर्णयांशी संबंध नाही ते तोवर गप्प राहत. एखादा समीक्षक काही काळापुरता झोपवून ठेवण्याची सोयही होती.

यातले तत्त्व आणि त्याचा प्रत्यक्ष अनुभव यांत मात्र तफावत राहिली. पुढे 'आर्गो-यूएमएल' या नावाने खुले झालेले हे साधन मी शिकत असताना वापरले आहे (यूएमएल ही सॉफ्टवेअरची रचना चित्रांत मांडण्याची पद्धत). कोरा क्लास, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका घटकाची चौकट, चित्रात टाकला, की त्याला नाव द्या, त्यात गुणधर्म घाला, त्यात क्रिया घाला, त्याचा इतरांशी संबंध जोडा, अशा नोंदी यादीत लागोपाठ येऊन बसत. नुकताच टाकलेला क्लास रिकामा असणारच. अपूर्णता आणि चूक यांतला फरक यंत्राला कळला नाही, की चांगल्या सूचनाही त्या गर्दीत बुडतात. तुमची शेगडी 'वाटेत' खिडकीसमोरून गेली, तेव्हा ती मांडणी चुकलेली नव्हती, अपूर्ण होती. म्हणून पहिला निकष मी असा मानेन: डिझायनरची हालचाल पूर्ण होईपर्यंत, म्हणजे माउस सोडून वस्तू जागेवर बसेपर्यंत, कोणताही निर्णय झालेला नाही असे समजावे आणि त्यावर मत देऊ नये.

ओव्हरटाइम

माझे क्षेत्र प्रोग्रॅमिंगचे आहे, पण वेळेने किती फरक पडतो याचा मला माहीत असलेला सर्वांत स्पष्ट दाखला तिथलाच आहे, म्हणून लिहितो. फेसबुकमध्ये 'इन्फर' नावाचे एक साधन आहे, जे प्रोग्रॅम न चालवता त्यातले दोष शोधते. त्या संघाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात आपला अनुभव दिला आहे. सुरुवातीला ते संपूर्ण प्रोग्रॅम एकगठ्ठा तपासून सापडलेल्या दोषांची यादी संबंधित प्रोग्रॅमरांकडे सोपवत; त्यांतून दुरुस्त होणाऱ्या दोषांचे प्रमाण जवळजवळ शून्य होते. मग त्यांनी तेच विश्लेषण, खोट्या सूचनांचे प्रमाण तेवढेच असताना, प्रोग्रॅमर आपला नवा बदल सहकाऱ्यांच्या तपासणीसाठी पुढे ठेवतो त्या टप्प्यावर हलवले, आणि दुरुस्तीचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेले. त्यांनी दिलेली कारणे साधी आहेत: त्या क्षणी माणसाच्या डोक्यात तोच मजकूर ताजा असतो, आणि सूचना नेमक्या ज्याने बदल केला त्याच्याच हाती पडते.

यातून तुमच्यासाठी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तो टप्पा टाइप करतानाचा नव्हता आणि सगळे संपल्यानंतरचाही नव्हता. 'माझा हा तुकडा आता दुसऱ्याला दाखवण्यासारखा झाला' असे माणूस स्वतःहून म्हणतो, तो तो क्षण होता. किचनच्या कामात असा क्षण कोणता, हे तुम्ही शोधायला हवे. माझा अंदाज असा की ग्राहकासाठी त्रिमिती चित्र तयार करण्याची आज्ञा डिझायनर देतो, तोच तो असावा. 'तपासा' हे वेगळे बटण ठेवूच नका. ती तपासणी चित्राच्या आज्ञेतच बसवा. चित्र तयार व्हायला तसाही थोडा वेळ लागतो, आणि त्या वेळात डिझायनर पडद्याकडेच पाहत असतो.

आग्नेय_कोपरा

मी नाशिकमध्ये इंटेरियरची कामे करते आणि अशी सॉफ्टवेअरे रोज वापरते, तेव्हा दुसऱ्या बाजूने लिहिते.

वर उल्लेख झालेला २३ फुटांचा नियम आमच्या घरांत लावून पाहा. दोन खोल्यांच्या फ्लॅटमधले किचन सात-आठ फूट रुंदीचे असते, आणि सरळ किंवा एल आकाराच्या ओट्यावर सिंक, शेगडी आणि फ्रिज हे एकमेकांना जवळजवळ चिकटलेलेच असतात. तिथे तो त्रिकोण २३ फुटांवर कधी जाणारच नाही, म्हणजे तो नियम जन्मभर गप्प बसेल. आमची अडचण नेमकी उलट असते: सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये भाजी चिरायला, परात ठेवायला किमान दोन-अडीच फूट मोकळा ओटा उरतो की नाही, हा खरा प्रश्न असतो. अमेरिकेतल्या मार्गदर्शक नियमांत त्रिकोणाची एकेक बाजू ४ ते ९ फुटांची असावी असे सांगतात; त्यातला किमान ४ फुटांचा भाग आम्हाला कामाचा आहे आणि कमाल ९ फुटांचा भाग जवळपास निरुपयोगी.

शेगडी खिडकीसमोर नको, हा नियम आमच्याकडेही खरा आहे, पण कारण पडद्याचे नाही. खिडकीतून आलेल्या वाऱ्याने बर्नरची आच हलते, मंद केलेली ज्योत विझते, आणि गॅस तसाच सुटत राहतो. हे कारण सूचनेत लिहिले, तर मी तो नियम मोडताना दहादा विचार करीन; पडद्याचे कारण लिहिले, तर 'आमच्याकडे पडदा नाही' म्हणून पुढे जाईन. जुनी_वही यांनी कारण दाखवण्याबद्दल जे लिहिले आहे ते मला पटते, फक्त ते कारण इथले असले पाहिजे.

आता वास्तूबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच कुटुंबांना शेगडी आग्नेयेला हवी असते, स्वयंपाक करणाऱ्याचे तोंड पूर्वेला हवे असते, आणि सिंक शेगडीला लागून नको असते. यावर माझा स्वतःचा विश्वास किती, हा इथला प्रश्न नाही. ग्राहकाची ती अट असते, आणि ती पहिल्याच भेटीत कळलेली असते. बिल्डरने खिडकी पूर्वेच्या भिंतीत काढलेली असली, की पूर्वेकडे तोंड आणि खिडकीसमोर शेगडी नको, या दोन अटी समोरासमोर येतात. अशा वेळी तुमचे सॉफ्टवेअर फक्त खिडकीचा नियम घोकत बसले, तर ते फोडणी देताना पाठीमागून 'मीठ घातलंस का?' असे विचारत राहणाऱ्या पाहुण्यासारखे वाटते. त्याऐवजी सुरुवातीलाच ग्राहकाच्या अटी भरायची जागा द्या. घरात कोण स्वयंपाक करते, तिची किंवा त्याची उंची किती, डावखुरेपणा आहे का, वास्तूची अट आहे का, गॅस पाइपचा आहे की सिलिंडरचा, भांडी सिंकमध्ये घासतात की ड्राय बाल्कनीत, हे एकदा कळले, की निम्मे नियम आपोआप गळून पडतील आणि जे उरतील ते माझ्या कामाचे असतील. ओट्याची उंची सरसकट ३३ इंच धरणाऱ्या सॉफ्टवेअरने पाच फुटांच्या आजींसाठी मी ती कमी केली म्हणून मला लाल रंग दाखवला, तर ते सॉफ्टवेअर मी त्या क्षणी बंद करते.

रेषाआखणी (धागाकर्ती)

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. माउस सुटेपर्यंत थांबणे, त्रिमिती चित्राच्या आज्ञेत तपासणी बसवणे आणि ग्राहकाच्या अटी आधी भरून घेणे, हे तिन्ही बदल आम्हाला शक्य आहेत. तरीही एक शंका राहते. माउस सोडल्यावर लगेच सूचना दिली, तरी डिझायनर अनेकदा वस्तू फक्त बाजूला ठेवण्यासाठी कुठेतरी सोडतो. फ्रिज हलवायचा म्हणून आधी उंच कपाट दुसऱ्या भिंतीला टेकवून ठेवतो, आणि नंतर परत आणतो. हे 'तात्पुरते सोडणे' सॉफ्टवेअरने कसे ओळखावे?

तांब्याची_वाट

मी इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड आखतो. तुमची शंका आमच्या क्षेत्रात पूर्वीच येऊन गेलेली आहे, आणि तिचे उत्तर असे निघाले की ते ओळखण्याच्या फंदात फार पडूच नये. डिझायनरला दिसणाऱ्या गोष्टीचे स्वरूप बदलावे.

बोर्ड आखताना सुट्या भागांच्या ज्या टोकांना एकमेकांशी जोडायचे असते, पण अजून जोडलेले नसते, त्यांच्यामध्ये पडद्यावर बारीक सरळ रेषा सतत दिसतात. त्यांना रॅट्सनेस्ट म्हणतात. भाग ओढू लागलो, की त्या रेषा रबरासारख्या ताणल्या जातात, एकमेकींना छेदतात, पुन्हा सुट्या होतात. त्यांत सूचना नाही, इशारा नाही, लाल रंग नाही. तरीही एखादी चिप ९० अंशांत फिरवली आणि गुंता एकदम सुटला, हे डोळ्यांना तत्काळ कळते. हा अभिप्राय ओढतानाच्या प्रत्येक क्षणी चालू असतो आणि कुणालाही त्याचा त्रास होत नाही, कारण तो मत देत नाही, फक्त स्थिती दाखवतो. मत द्यायचे नसले, की 'तात्पुरते सोडणे' आणि 'कायमचे सोडणे' यांत फरक करण्याची गरजच उरत नाही. वर म्हटले आहे की हालचाल पूर्ण होईपर्यंत मत देऊ नये. ते मान्य, पण त्याचा अर्थ तोवर काहीच दाखवू नये असा घेऊ नका.

या टोकांना प्रत्यक्ष जोडणारी तांब्याची वाट आखताना आणखी एक पायरी येते. कीकॅड हे बोर्ड आखण्याचे खुले सॉफ्टवेअर जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेच्या मदतीने वाढले, आणि तिथूनच त्यात असे साधन आले की नवी वाट आखताना शेजारच्या वाटा किमान अंतर राखून आपोआप बाजूला सरकतात. हवे असल्यास शेजारच्यांना न ढकलता वळसा घेऊन जाण्याची, किंवा काहीच न करता फक्त धडक कुठे होते ते दाखवण्याची पद्धतही निवडता येते. नियम तिथे हाताखाली येतो. पहिल्या दोन पद्धतींत अंतर मोडणारी जागा वाट घेतच नाही, त्यामुळे ती चूक होऊन मग तिची सूचना येण्याचा प्रसंगच टळतो.

आणि तरीही शेवटची संपूर्ण तपासणी असतेच. ती चालवल्याशिवाय बोर्ड बनवायला पाठवणारा माणूस मी पाहिलेला नाही. तिची गरज अशी की काही गोष्टी सगळे जागेवर बसल्याशिवाय कळतच नाहीत. जमिनीच्या (ग्राउंडच्या) जोडणीसाठी ओतलेले तांब्याचे मोठे पट्टे प्रत्येक बदलानंतर पुन्हा भरावे लागतात, आणि ते भरल्यावरच एखादा तुकडा बाकीच्यांपासून तुटून एकटा पडला आहे हे दिसते. हीच तपासणी वाट अर्धी आखलेली असताना चालवली, तर शेकडो निरर्थक ओळी मिळतील.

हे किचनला लावायचे तर मी असे करीन. फ्रिज ओढत असताना त्याच्या दाराचा उघडण्याचा कंस फिक्या रंगात सोबत हलू द्या, आणि शेजारच्या भिंतीपर्यंतचे अंतर इंचांत दाखवत राहा, सूचना नको. शेगडी उचलली, की खिडकीसमोरची पट्टी हलक्या राखाडी छटेत दाखवा, म्हणजे ती सोडण्यापूर्वीच डिझायनरला समजेल. दोन वस्तू एकमेकींच्या आत घुसणे भौतिकदृष्ट्या अशक्य असते, तेव्हा ते सॉफ्टवेअरनेही होऊ देऊ नये. वस्तू सोडल्यावर नियम मोडलेला असेल, तर कोपऱ्यात एक छोटी खूण पुरे. तिच्यावर गेले तरच मजकूर उघडावा. कोपऱ्यातल्या ट्रॉल्यांच्या टकरीसारखे नियम हँडल कोणते लावायचे हे ठरल्याशिवाय तपासूच नका, कारण हँडल एक-दीड इंच बाहेर येते आणि टक्कर होते की नाही हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

नियम मोडण्याच्या परवानगीबद्दलही सांगतो. आमच्याकडे तपासणीत सापडलेली एखादी ओळ निवडून 'ही वगळा' असे म्हणता येते, आणि ती वगळलेल्यांच्या वेगळ्या गटात जाते. ती नाहीशी होत नाही, पुन्हा उघडून पाहता येते. याखेरीज प्रत्येक नियमाला चूक, इशारा किंवा दुर्लक्ष अशी पातळी देता येते. या दोन सोयी वेगवेगळ्या ठेवणे महत्त्वाचे आहे. एका किचनमध्ये एका शेगडीपुरता नियम मोडणे वेगळे आणि तो नियम कायमचा बंद करणे वेगळे. तुमच्या डिझायनरांना पहिली सोय मिळाली नाही, म्हणून त्यांनी दुसरी वापरली, असे मला वाटते.

कागद_पेन्सिल

मी वास्तुरचनेच्या महाविद्यालयात शिकवतो आणि या सगळ्या उत्साहाला थोडा विरोध नोंदवू इच्छितो. सॉफ्टवेअर काही बोलले नाही म्हणजे मांडणी निर्दोष आहे, असे विद्यार्थी धरून चालतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. तुमच्या नियमांत जे नाही, ते त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. एक उदाहरण देतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर खाली साचतो. म्हणून ओट्याखालच्या सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका लागतो. चित्रात तो कप्पा म्हणजे एक पेटी असते, तिच्या दाराला जाळी आहे की नाही हे कुणी भरत नाही, आणि सॉफ्टवेअर त्यावर मौन पाळते. त्या मौनाला विद्यार्थी संमती समजतो.

जुनी_वही

@कागद_पेन्सिल, तुमचा आक्षेप रास्त आहे, पण त्यातून तपासणी नको असा निष्कर्ष निघत नाही. काय तपासले नाही, हेही सॉफ्टवेअरने सांगावे, एवढाच निघतो. त्रिमिती चित्राच्या वेळी येणाऱ्या यादीच्या तळाशी 'कप्प्याच्या दाराची माहिती भरलेली नाही, म्हणून गॅसचा झरोका तपासलेला नाही' अशी एक ओळ आली, तर तुमचा विद्यार्थी तिथे थांबेल. माहितीच्या अभावी न चाललेला नियम आणि चालून समाधानी झालेला नियम हे दोन्ही पडद्यावर सारखेच कोरे दिसतात, हा बहुतेक साधनांतला जुना दोष आहे.

ताज्या सूचनेवर 'निरुपयोगी' असे एक बटणही द्यावे, असे मी सुचवीन. गूगलच्या अंतर्गत तपासणी-प्रणालीत प्रोग्रॅमरांना अशी सोय दिलेली आहे, आणि प्रत्येक नियमाच्या ज्या सूचनांवर लोक काहीच कृती करत नाहीत त्यांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत राहावे अशी त्यांची अपेक्षा असते. ते वाढले, तर नियम लिहिणाऱ्याने तो सुधारायचा किंवा काढून घ्यायचा. दोष नियमाचा मानायचा, वापरणाऱ्याचा नाही. तुमच्याकडे मात्र एक काळजी घ्यावी लागेल: ग्राहकाच्या अटीमुळे नाकारलेली सूचना आणि नियमच चुकीचा वाटल्यामुळे नाकारलेली सूचना यांची मोजणी वेगळी ठेवा, अन्यथा वास्तूच्या अटीपुढे खिडकीचा चांगला नियम हकनाक बाद होईल.

रेषाआखणी (धागाकर्ती)

हे फारच उपयोगाचे आहे. नाकारताना 'ग्राहकाची अट', 'जागेमुळे पर्याय नाही' आणि 'नियम इथे लागू नाही' अशा तीन पर्यायांतून एक निवडायला लावावे, असे आम्ही ठरवत आहोत. टंकलेखन सक्तीचे ठेवणार नाही. आग्नेय_कोपरा यांना एक प्रश्न: नाकारलेल्या या सूचना फक्त डिझायनरलाच दिसाव्यात, की कारखान्याकडे जाणाऱ्या कटलिस्टवर (कापायच्या पॅनेलांच्या यादीवर) आणि साइटच्या नकाशावरही छापाव्यात? आमच्या काही सहकाऱ्यांना वाटते की त्यामुळे डिझायनरची चूक चव्हाट्यावर आल्यासारखे होईल.

आग्नेय_कोपरा

छापाव्यात, आणि त्यातही साइटच्या नकाशावर अवश्य छापाव्यात, मात्र 'नियम मोडला' अशा शब्दांत नाही. 'ओटा ३० इंच, ग्राहकाच्या मागणीनुसार' एवढीच ओळ त्या मापाशेजारी असावी. याचे कारण साइटवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. अनुभवी सुताराला नेहमीपेक्षा वेगळे माप दिसले, की तो ते डिझायनरच्या हातून चुकून पडले असे समजतो आणि चांगल्या हेतूने स्वतःच दुरुस्त करून टाकतो. आजींसाठी मुद्दाम खाली घेतलेला ओटा तीन इंच वर चढतो, ग्रॅनाइट बसते, टाइल लागते, आणि मग मला फोन येतो. फ्रिजशेजारी दार पुरते उघडावे म्हणून सोडलेली चार इंचांची फट अशीच पट्टी मारून बुजवली जाते. कारण शेजारी छापलेले असले, तर तो आधी फोन करतो.

कटलिस्टवर मात्र फार मजकूर नको, कारण कारखान्यात मशीनवरचा माणूस फक्त पॅनेलचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि कोणत्या कडेला एज-बँड (कड झाकणारी पट्टी) लावायचा एवढेच वाचतो. तिथे वेगळ्या मापाच्या पॅनेलपुढे एक तारांकन पुरे आहे. कटलिस्ट पाठवण्यापूर्वीची तपासणी मात्र मला सक्तीची चालेल. बाकी सगळीकडे सॉफ्टवेअरने मला जाऊ द्यावे, पण प्लायवूड कापायला जाण्याआधी एकही सूचना उत्तराशिवाय राहिली असेल, तर त्याने मला खुशाल अडवावे.